गाडीत बेस येत नाही? आधी दाराची भोकं बुजवा

गेल्या महिन्यात भाचा आला, जुनी हॅचबॅक घेतलीय त्याने, आणि चहा व्हायच्या आधीच विषय काढला तो गाण्यांचा. "मामा, आवाज लय पातळ येतोय ओ, बेसच नाय." सांगलीत एका ॲक्सेसरीजच्या दुकानात तो आधीच जाऊन आला होता. तिथं सांगितलं होतं की वूफर (खास बेससाठीचा मोठा स्पीकर) आणि ॲम्प्लिफायर (आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) बसवल्याशिवाय गाडीत बेस येतच नसतो, अठरा हजार होतील, आणि वर ॲम्प्लिफायरचा एक खोका दाखवला होता ज्यावर मोठ्या अक्षरात ४००० वॅट लिहिलेलं. पोराचं बजेट सात हजार. मी म्हटलं थांब, रविवारी ये, आधी दार उघडून बघू.

रविवारी डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढलं. आत काय दिसतं ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दाराला दोन पत्रे असतात, बाहेरचा आणि आतला, मधल्या पोकळीत काच खालीवर होते. आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी मोठी भोकं असतात, काचेची मोटर आणि लॉक दुरुस्त करता यावं म्हणून. त्या भोकांवर एक पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो फक्त पाणी आत येऊ नये म्हणून. आणि याच पत्र्यावर खाली कोपऱ्यात साडेसहा इंची स्पीकर. या गाडीत तर प्लॅस्टिकचा कागदही अर्धा फाटलेला होता.

मग मी एक गंमत केली. स्क्रू काढून स्पीकर वायरीसकट बाहेर घेतला, भाच्याच्या हातात दिला आणि गाणं लावलं. गायकाचा आवाज येत होता, झांजा येत होत्या, पण तबल्याचा डग्गा जवळजवळ गायब. मग एका पुठ्ठ्याच्या खोक्याची मोठी बाजू कापून त्याला स्पीकरएवढं भोक पाडलं आणि स्पीकर त्या भोकावर दाबून धरला. व्हॉल्यूम तोच, गाणं तेच, आणि डग्गा एकदम बोलायला लागला! पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. पुठ्ठ्याला ना वीज ना मॅग्नेट, मग बेस आला कुठून?

सगळा लेख खरं तर या एकाच प्रश्नासाठी आहे.

स्पीकरचा पडदा पुढं सरकला की समोरची हवा दाबली जाते हे शाळेत शिकलोय. पण त्याच क्षणी पडद्याच्या मागची हवा विरळ होते, हे मात्र विसरायला होतं. म्हणजे स्पीकर एका वेळी दोन आवाज काढतो, पुढचा आणि मागचा, अगदी सारख्या ताकदीचे पण बरोबर उलटे. पुढं दाब जास्त, मागं कमी, आणि मधे फक्त स्पीकरची कड. हवा काय करणार? पुढून कडेवरून वळसा घालून मागं जाणार. तुमच्या कानापर्यंत दाब पोचायच्या आधीच हिशोब मिटला. दारात स्पीकर नीट बसलेला दिसतो, पण मागचा उलटा आवाज त्या मोठमोठ्या भोकांतून डोअर पॅडच्या मागं येतो, तिथून फटीफटीतून गाडीत येतो आणि पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो.

मग झांजा कशा ऐकू येतात? इथं तरंगलांबी येते. आवाजाचा वेग हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर. १०० हर्ट्झच्या सुराची एक लाट म्हणजे जवळपास साडेतीन मीटर लांब, आणि पडद्याच्या पुढून मागं जायचा रस्ता जेमतेम १५ सेंटिमीटर. एवढ्या लांब लाटेसाठी १५ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, पुढची लाट मागं पोचते तेव्हा मागची अजून तशीच उलटी असते, त्यामुळं दोघी एकमेकींना मारतात. पण ४००० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ सेंटिमीटर. तेवढ्या रस्त्यात ती दीड-दोनदा खालीवर होऊन जाते, शिवाय एवढे बारीक सूर कडेला वळायच्या ऐवजी समोरच सरळ जातात, त्यामुळं ते वाचतात. म्हणून भोकं असलेल्या दारातून ट्रेबल, म्हणजे बारीक सूर, येतो, बेस मरतो, आणि आपण म्हणतो स्पीकरच खराब आहे.

हे सगळं आपल्या भागातल्या माणसाला नवीन वाटायला नको, कारण दहाएक किलोमीटरवर मिरज आहे. तिथं सतारमेकरांच्या गल्लीत पिढ्यानपिढ्या हेच काम चाललंय, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. नुसती तार दोन खिळ्यांच्या मधे ताणून छेडून बघा, हातभर अंतरावर सुद्धा धड ऐकू येत नाही. तार इतकी बारीक असते की ती वर गेली तरी वरची हवा दाबली जात नाही, बाजूने सटकून तारेच्या खाली जाते. जॉर्ज स्टोक्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये हे गणित करून दाखवलं होतं. तंबोऱ्यात तीच तार घोडीवरून तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळीला, हलवते, तबली रुंद असते, आणि तिच्या मागची हवा भोपळ्यात कोंडलेली असते, तिला पुढं यायला वाटच नाही! ज्यांनी पहिल्यांदा भोपळ्यावर तबली बसवली त्यांना स्टोक्स माहीत नव्हता, पण हवेला वळसा घालू द्यायचा नाही हे त्यांच्या हातांना कळलेलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते.

फरक एकच. तंबोऱ्याची तबली बोलली पाहिजे, गाडीचं दार मात्र गप्प बसलं पाहिजे. गाण्यात जेवढं आहे तेवढंच बाहेर यावं, पत्र्याने आपला सूर त्यात मिसळू नये.

तर आम्ही काय केलं. बाहेरच्या पत्र्यावर आतून ब्यूटाइल रबराचे, वर ॲल्युमिनियमचा पत्रा असलेले तुकडे चिकटवले. पूर्ण पत्रा भरायची गरज नसते, मधला पाव-एक भाग भरला तरी थरथर बरीच कमी होते, कारण पत्रा वाकताना रबर ताणलं जातं आणि त्या ताणात कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जाते. आधी बोटाने वाजवलं तर टण्ण व्हायचं, नंतर थप्प. छतावर गळतीसाठी लावतात ती डांबराची पट्टी स्वस्त मिळते, ती लावू नका, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीचं दार किती तापतं ते माहितीये, डांबर मऊ होऊन घसरतं आणि गाडीभर वास. आतल्या पत्र्याच्या भोकांवर ॲल्युमिनियमचा जाड पत्रा कापून लावला आणि कडा त्याच ब्यूटाइलने बंद केल्या. दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक छिद्रं असतात ती मात्र अजिबात बुजवायची नाहीत, काचेच्या रबराजवळून पावसाचं पाणी आत उतरतच असतं, ती बंद केली तर दार आतून गंजणार. आणि प्रत्येक तुकडा लावायच्या आधी काच पूर्ण खाली घेऊन बघा. स्पीकरच्या खाली वॉटरप्रूफ प्लायची रिंग, स्पीकर आणि डोअर पॅडच्या मधे फोमची गोल पट्टी.

दोन पुढची दारं, साधारण पंधराशे रुपये सामान. जुने कागदी पडद्याचे स्पीकर उन्हापावसाने कडेला फाटले होते म्हणून नवीन कोॲक्सिअल (मोठ्या पडद्याच्या मधेच बारीक सुरांचा छोटा स्पीकर असलेली) जोडी घेतली, अडीच-तीन हजारात. मागच्या दारांना हात लावला नाही, पुढं बसणाऱ्याला त्याची गरज नसते.

आता वॅटचं. भाच्याच्या डोक्यातून ते ४००० काही जाईना. त्याला म्हटलं हिशोब कर, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. इंजिन चालू असताना गाडीत असतात साधारण १४.४ व्होल्ट. ४००० वॅट पाहिजेत तर २७७ अँपिअर करंट लागेल, आणि छोट्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज बनवणारं यंत्र, शंभराच्या आतच असतो. मग ते वॅट येणार कुठून? त्या ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज बघायचा, २५ अँपिअरचा फ्यूज असेल तर आत जाणारी वीजच ३६० वॅटच्या वर सतत जाऊ शकत नाही. स्टीरिओवर लिहिलेलं "५० वॅट गुणिले ४" पण असंच. १४.४ चा वर्ग भागिले स्पीकरचे ४ ओहम, आले ५२, पण हे तेव्हाच जेव्हा आवाज पार फाटून लाट चौकोनी होते. स्वच्छ सुराला त्याच्या निम्मे, २६, त्यातून आतल्या आयसीत वाया जाते ती वजा करा, उरतात अठरा-वीस. पण तेवढे पुरतात! साधा स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ९० डेसिबलच्या आसपास आवाज देतो, वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे १६ वॅटला १०२. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते. अजून किती पाहिजे?

आपल्याकडं मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरला सरसकट डॉल्बी म्हणतात, आणि रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करायला. आवाज स्वच्छ करणाऱ्या माणसाचं नाव आपण कान फाडणाऱ्या गोष्टीला दिलंय, याचं मला दरवर्षी गणपतीत वाईट वाटतं. मॅग्नेटचं वजन दाखवून विकणं आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरने आवाज उघडतो म्हणणं हेही त्या ४००० वॅटसारखंच. सोनं गंजत नाही एवढाच त्याचा उपयोग, साधी तांब्याची वायर गाडीतल्या दोन मीटरला पुरून उरते.

दोन गोष्टी फुकटच्या. एक, स्टीरिओच्या सेटिंगमधे एचपीएफ (हाय-पास फिल्टर, ठरवलेल्या आकड्याखालचे सूर अडवणारा) असतं ते ८० हर्ट्झला ठेवा. तेवढाच आवाज काढायचा तर सूर निम्मा खाली गेला की पडद्याला चौपट हलावं लागतं: १०० हर्ट्झला १ मिलिमीटर, ५० ला ४, २५ ला १६, आणि साडेसहा इंची स्पीकर १६ मिलिमीटर हलूच शकत नाही, तो नुसता फडफडतो आणि त्या फडफडीत वरचे सूर पण बिघडवतो. खालचा भाग काढून टाकला की उरलेला बेस घट्ट येतो. दोन, प्लस-मायनस तपासा. डावा आणि उजवा उलटे जोडले गेले तर दोन स्पीकर एकमेकांचा बेस खातात, तीच वळशाची भानगड गाडीभर. स्पीकरच्या वायरी स्टीरिओपासून सोडवायच्या आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवायचा, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर पडदा बाहेर उडी मारतो. भाच्याच्या गाडीत उजवीकडचा आत गेला, कुणीतरी आधीच्या मालकाच्या काळात उलटा जोडलेला.

संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेतून मिरजेकडं चक्कर मारली. डग्गा येत होता, ढोलकी येत होती, पण डग्ग्याच्या एका ठराविक घावाला मागून कुठूनतरी झर्र असा आवाज. आधी तो होताच, फक्त त्याला हलवायला बेसच नव्हता. गाडी बाजूला घेतली, मोबाइलवर ३० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावला आणि भाच्याला बाहेर कान लावून फिरायला सांगितलं. सत्तरच्या आसपास तो डिकीजवळून ओरडला, "मामा, नंबर प्लेट हाय ही!" उरलेल्या फोमची पट्टी कापून प्लेटच्या मागं सरकवली, स्क्रू आवळले आणि पुढं निघालो.