दूरच्या फाइली बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये उघडताना : पार्श्वभूमी

उद्यमबागेतल्या कारखान्याचं ड्रॉइंग असो की निपाणीच्या पतसंस्थेला आलेल्या कन्नड नोटिशीचा स्कॅन, फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर आणि माणूस घरी, हे आता बेळगावकडे नेहमीचंच. मजकुराची फाइल इमॅक्स या एडिटरमध्ये सरळ उघडते. पीडीएफ किंवा लिब्रेऑफिसची फाइल त्या त्या प्रोग्रॅमकडे द्यायची म्हटली की घोडं अडतं.

एफटीपीवरच्या (फाइली नेण्या-आणण्याच्या जुन्या पद्धतीवरच्या) फाइली इमॅक्समधून उघडण्याची सोय 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. 1995 साली एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी, आलं, 1998मध्ये इमॅक्समधून दूरच्या फाइली उघडणाऱ्या ट्रॅम्पचं काम सुरू झालं आणि 2007च्या इमॅक्स 22बरोबर ते मुळातच मिळू लागलं.

खरा वाद डायर्डमधल्या, म्हणजे इमॅक्सच्या फाइल-यादीतल्या, उद्गारचिन्हाच्या कळीचा. निवडलेल्या फाइलवर आज्ञा चालवायची ही कळ. दूरच्या फाइलवर ती दाबून पीडीएफ दाखवणारा प्रोग्रॅम मागवला, तर तो आपल्या लॅपटॉपवर नाही, सर्व्हरवर सुरू होतो. फोल्डर ज्या यंत्रावरचं, आज्ञाही त्याच यंत्रावर, असा हा नियम. ग्रेप (मजकूर शोधणं) किंवा टारसाठी (फाइलींचं गाठोडं बांधणं) तो अगदी योग्य. अवजड लॉग फाइल इकडे ओढून आणायची गरजच काय? पण सर्व्हरला स्क्रीनच नसते, तिथे पीडीएफ उघडून बघणार कोण? नियम चुकीचा नाही, मात्र बघण्यासाठी वेगळी कळ तेव्हाच द्यायला हवी होती, असं माझं मत.

मग लोकांनी आपापल्या वाटा काढल्या. सर्व्हरवर चाललेल्या प्रोग्रॅमची खिडकी एसएसएचमधून लॅपटॉपवर आणता येते, पण नेट मंद असलं की माऊस हलवल्यावर वाट बघत बसायचं. शिवाय अक्षरं सर्व्हरवरच्या फॉन्टांतूनच काढली जातात. तिथे देवनागरी-कन्नडचे फॉन्ट नसले, तर लिब्रेऑफिसमधला ठराव म्हणजे नुसते चौकोन. (सर्व्हर बसवताना फॉन्टचा विचार सहसा कुणी करत नाही.)

दुसरी वाट तात्पुरत्या प्रतीची. ट्रॅम्प फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतं आणि प्रोग्रॅमला ती प्रत देता येते. वाचायला उत्तम. तीत दुरुस्ती करून सेव्ह केलं, तर बदल त्या प्रतीतच राहतो, मूळ फाइल होती तशीच.

2005मध्ये फ्यूज (साध्या प्रोग्रॅमलाही फाइल-व्यवस्था पुरवू देणारी सोय) लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, आल्यावर तिच्यावर चालणाऱ्या एसएसएचएफएस या प्रोग्रॅमने हा पेच बराच सोडवला. सर्व्हरचं फोल्डर स्थानिक फोल्डरसारखं जोडलं की लॅपटॉपवरचा कुठलाही प्रोग्रॅम फाइल उघडतो आणि सेव्ह केलेलं परत सर्व्हरवर जातं. 2022च्या इमॅक्स 28मध्ये ट्रॅम्पनेही ही पद्धत घेतली. उद्गारचिन्हाचा नियम मात्र आजही तोच आहे.