उपाशी घोड्याला पोटभर चंदी का घालू नये

हाडांचा सापळा झालेला घोडा सोडवून आणला की आणणाऱ्याचा हात आपसूक चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या, पोत्याकडे जातो. बिचारा इतके दिवस उपाशी होता, आता तरी पोटभर खाऊ दे! आणि नेमकं इथेच घात होतो. महिनोन्‌महिने उपासमारीत तग धरलेला घोडा सुटका झाल्यावर, भरल्या टोपल्यापुढे, तीन ते पाच दिवसांत दगावतो. लोक म्हणतात, फार उशीर झाला होता. पुष्कळदा उशीर झालेला नसतो, घाई झालेली असते.

उपासमारीत शरीर आधी साठवलेली साखर आणि चरबी जाळतं. ती संपत आली की प्रथिनांवर, म्हणजे स्नायूंवर, पाळी येते. त्यात पुठ्ठ्याचे आणि मानेचे स्नायू झिजलेले आपल्याला दिसतात; आतड्याची भिंत आणि हृदयाचा स्नायूही झिजतो, ते दिसत नाही. याच काळात पेशींमधले फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे साठे रिते होत जातात. रक्ततपासणीत मात्र आकडे बऱ्यापैकी ठीक येऊ शकतात. वही जुळलेली आणि तिजोरी रिकामी, असा हा प्रकार.

आता अशा घोड्यापुढे दाणा ओतला तर? दाण्यात पिष्ट भरपूर. त्याची साखर रक्तात उतरते आणि इतके दिवस निपचित असलेलं इन्सुलिन एकदम उसळतं. इन्सुलिन साखर पेशींत ढकलतं आणि तिच्याबरोबर फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियमही रक्तातून आत ओढले जातात. साखरेपासून ऊर्जा तयार करायला पेशींना फॉस्फरस लागतोच. शिल्लक मुळात तुटपुंजी, त्यात ही अचानक मागणी. रक्तातली पातळी धाडकन खाली येते. हृदयाचे ठोके चुकतात, श्वासाचे स्नायू थकतात, तांबड्या पेशी नीट ऑक्सिजन सोडत नाहीत, झटकेही येऊ शकतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. माणसांत तो ठळकपणे लक्षात आला दुसऱ्या महायुद्धानंतर, छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी जेवू लागल्यावर आजारी पडू लागले तेव्हा.

मग द्यायचं काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॅरोलिन स्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपासमार झालेल्या घोड्यांवर तीन आहार ताडून पाहिले आणि 1998 मध्ये निष्कर्ष छापले. वाळलेली लसूणघास, ओटचं वाळलेलं गवत, आणि ओटच्या गवताला मक्याच्या तेलाची जोड. तिन्हींतली ऊर्जा सारखीच होती. सरस ठरली लसूणघास. तिच्यात पिष्ट कमी, प्रथिनं चांगली, शिवाय फॉस्फरस आणि मॅग्नेशियम बरोबरच येतात. मला यातला बोध महत्त्वाचा वाटतो: ऊर्जा किती यापेक्षा ती कशासोबत येते, यावर जीव अवलंबून होता.

यातून निघालेलं वेळापत्रक पाळायला मन घट्ट करावं लागतं. पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण 450 ग्रॅम वाळलेली लसूणघास, रात्रीसुद्धा. दिवसाचे होतात जेमतेम पावणेतीन किलो. धडधाकट 400 किलोचा घोडा दिवसाला सहा ते आठ किलो वाळला चारा सहज संपवतो, म्हणजे हे निम्म्याहूनही कमी. घोडा रिकामं घमेलं चाटत तुमच्याकडे बघत राहतो. तरीही वाढवायचं नाही. चौथ्या दिवसापासून एका वेळचा वाटा हळूहळू मोठा आणि वेळा कमी करत, दहा दिवसांनंतर हवा तेवढा चारा. स्वच्छ पाणी सतत पुढ्यात. चंदीचं नाव वजन बऱ्यापैकी भरेपर्यंत काढायचं नाही, आणि हे सगळं पशुवैद्याच्या देखरेखीखाली, रक्त तपासत.

घोड्याचं पोटही या शिस्तीचंच आहे. त्याचं जठर अंगाच्या मानाने लहान, आणि त्याला उलटी जवळजवळ करताच येत नाही. चाऱ्यातल्या धाग्यांचं पचन मागच्या मोठ्या आतड्यात, सूक्ष्मजंतूंकडून होतं. दाण्याचा लोंढा तिथवर पोचला तर आम्ल वाढतं, मग पोटशूळ, आणि पुढे खुरातला दाह.

घोडा किती खंगलाय हे नजरेने ठरवू नये. वाढलेली लव बरगड्या झाकते, जंतांनी फुगलेलं पोट ‘भरलेलं’ भासतं. म्हणून हाताने चाचपायचं: मान, खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ. या सहा जागांवरून 1 ते 9 गुण देण्याची पद्धत डॉन हेनेके यांनी 1983 मध्ये मांडली. 1 म्हणजे नुसती हाडं. वजनासाठी तर एक टेप पुरते. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 11,880. घेर 150, लांबी 140 असेल तर साधारण 265 किलो.

घमेल्याजवळ अर्धवट चघळलेले गवताचे ओले गोळे पडलेले दिसले तर तोंडात बघायला हवं. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा झिजत नाहीत. त्यांना धार येते आणि गाल, जीभ सोलली जाते. कानस लावून त्या बोथट करतात. पण त्यासाठी गुंगी द्यावी लागते, आणि दुबळ्या हृदयाला ती पहिल्या दिवशी झेपेलच असं नाही.

जंतांचंही तसंच. लहान स्ट्रॉन्जाइल जंतांच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत दडून बसतात. त्या अंडी घालत नाहीत, म्हणून लीद तपासली तरी पत्ता लागत नाही, आणि एकदम मोठ्या संख्येने बाहेर पडल्या तर आतडं सोलून निघतं. कोणतं औषध, कधी, हे पशुवैद्यालाच ठरवू द्यावं. वाढलेले, वाकडे खूर नालबंदाकडून टप्प्याटप्प्याने कापून घ्यावेत. खूर महिन्याला सेंटिमीटरभरही वाढत नाही. टाचेपेक्षा पुढची भिंत लांब, ती पूर्ण नवी यायला वर्षाच्या आसपास लागतं.

साधारण दोन आठवड्यांत अंगात थोडी ताकद येते. आधी कान हलू लागतात, मान वळते, मग चाऱ्यावरून दुसऱ्या घोड्यांना दात दाखवणंही सुरू होतं. ते चांगलंच लक्षण, फक्त त्याला वेगळं खाऊ घालावं. वजन ठीक व्हायला तीन ते पाच महिने लागतात. बरगड्या झाकल्या गेल्या म्हणजे काम झालं असं नाही, कारण पाठीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू चरबीपेक्षा सावकाश भरतात. खोगीर चढवण्याआधी आधी हाताला धरून चालवणं, मग उतार-चढाव, आणि त्याहीआधी पशुवैद्याकडून हृदयाची तपासणी.