व्हर्च्युअल कॅमेऱ्याची जागा: ऑफसेटचे रकाने आले कुठून?

व्हर्च्युअल प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या चित्रीकरणात संगणकाचं दृश्य मिसळण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याची जागा जुळवायला बसलं की एक्स, वाय, झेडचे रकाने एकाहून जास्त ठिकाणी सापडतात. ट्रॅकरकडून (कॅमेऱ्याची जागा मोजणाऱ्या यंत्राकडून) येणारी जागा वेगळी, सेटच्या मूळबिंदूचा ऑफसेट (मोजलेल्या जागेत मिळवायचा फरक) वेगळा, लेन्सचा ऑफसेट आणखी वेगळा. हे रकाने एकदम आलेले नाहीत.

आधी कॅमेरा हलवायचाच नाही, असा सरळ मार्ग होता. 1977च्या 'स्टार वॉर्स'साठी बनवलेल्या डायक्स्ट्राफ्लेक्स या कॅमेरा-यंत्रणेने मोटरींच्या जोरावर कॅमेऱ्याची तीच हालचाल हुबेहूब पुन्हा करून दाखवली. पण ती टप्प्याटप्प्याने चित्रित करून मागाहून एकत्र करण्यासाठी. थेट प्रक्षेपणात तिचा उपयोग नव्हता. 1990च्या दशकातल्या व्हर्च्युअल स्टुडिओंत ट्रायपॉडच्या हेडवर एन्कोडर, म्हणजे फिरणं मोजणारे सेन्सर, बसले. पॅन (आडवं वळणं), टिल्ट (वर-खाली कलणं), झूम, फोकस आपोआप मिळू लागलं. कॅमेऱ्याची जागा मात्र टेपने मोजून टाइप करायची. ट्रायपॉडला धक्का लागला की मोजणी पुन्हा. मूळबिंदूच्या ऑफसेटची गरज तेव्हापासूनची.

मग बीबीसीच्या 'फ्री-डी' या ट्रॅकिंग यंत्रणेने छतावर गोल खुणा लावल्या आणि वर पाहणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याने त्या वाचून जागा काढली. ती यंत्रणा मागे पडली, तिचा डेटा-फॉरमॅट टिकला. 29 बाइटचा संदेश, कोन 1/32768 अंशात, जागा 1/64 मिलिमीटरमध्ये; 24 बिटमध्ये सुमारे ±131 मीटर बसतात. आजचे कित्येक ट्रॅकर हीच भाषा बोलतात. दृश्य बनवणाऱ्या इंजिनांपैकी अनरियलमध्ये 1 युनिट म्हणजे 1 सेंटिमीटर आणि झेड वर, युनिटीत 1 मीटर आणि वाय वर. रूपांतर चुकलं की कॅमेरा सेटबाहेर फेकला जातो, किंवा डावीकडे सरकवला तर उजवीकडे पळतो. अशा वेळी ऑफसेटला हात लावू नये; आधी एकक आणि अक्षांची चिन्हं तपासावीत.

तिसरा रकाना, म्हणजे लेन्सचा ऑफसेट, सगळ्यात जास्त छळतो. ट्रॅकर कॅमेऱ्याच्या बॉडीवर असतो, दृश्याचा पर्स्पेक्टिव्ह मात्र लेन्सच्या एन्ट्रन्स प्युपिलवरून (समोरून लेन्समध्ये पाहिल्यावर दिसणाऱ्या छिद्राच्या प्रतिमेवरून) ठरतो. हे दोन बिंदू पुढे-मागे 12 सेंटिमीटर लांब असतील, तर 30 अंश पॅन केल्यावर प्युपिल ट्रॅकरच्या मानाने 6 सेंटिमीटर आडवा सरकतो. जवळची व्हर्च्युअल वस्तू मग जमिनीवरून घसरते, लांबची जागेवर दिसते. हा ऑफसेट कॅमेऱ्याच्या स्वतःच्या अक्षांत द्यावा लागतो. सेटच्या अक्षांत दिला तर एका पॅनला जुळतो, दुसऱ्याला बिघडतो. झूम लेन्समध्ये प्युपिल झूमबरोबर जागा बदलतो, म्हणून एकच आकडा पुरत नाही, कॅलिब्रेशनचा तक्ता लागतो.

पुष्कळदा चूक जागेची नसतेच. कॅमेऱ्याचा रोख 1 अंशाने चुकला तर 10 मीटरवर साधारण 17 सेंटिमीटरचा फरक पडतो. तो एक्समध्ये दडवला तर 3 मीटरवरची खूण सुटते. म्हणून जवळच्या आणि लांबच्या अशा दोन खुणा एकाच वेळी पाहाव्यात.

ग्रीन स्क्रीनवर, म्हणजे हिरव्या पडद्याच्या जागी संगणकाचं चित्र भरतात तिथे, ट्रॅकिंग उशिरा आलं तर व्हिडिओही तेवढाच उशिरा सोडता येतो. 2019च्या 'द मँडलोरियन' या मालिकेमुळे नटामागे थेट चित्र दाखवणाऱ्या एलईडी भिंती गाजल्या, तिथे ती सोय नाही. नट समोर खराच उभा असतो. 25 फ्रेमच्या गतीला एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. सेकंदाला 30 अंश पॅन केला तर तेवढ्यात भिंतीवरचं चित्र 1.2 अंश मागे पडतं आणि कॅमेरा थांबला की आपोआप जुळतं. थांबल्यावर जुळत असेल, तर ऑफसेट तसाच ठेवावा आणि विलंबाचा आकडा बदलावा.