रेडिएशन चालू असताना घरी ऑक्सिजन मशीन लावावं का?

ऑक्सिजन मशीन भाड्याने देणं हा आमचा धंदा. घरात कुणाला कॅन्सरसाठी रेडिएशन, म्हणजे बोलीतला ‘शेक’, सुरू झालं की घरचे विचारतात, “गाठीला ऑक्सिजन कमी पडतो म्हणे, मशीन नेऊ का?” ऐकलंत ते खरं आहे. पण तेवढ्यासाठी मशीन नेऊ नका.

रेडिएशनने पेशीतल्या डीएनएला इजा होते. त्या क्षणी तिथे ऑक्सिजन असेल तर ती इजा पक्की होते. नसेल तर बरीचशी भरून निघते. म्हणूनच ऑक्सिजनला पारख्या झालेल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. फाइलवर डोसच्या आकड्यापुढे ‘ग्रे’ लिहिलेलं असतं, ते ज्यांच्या नावावरून आलं ते इंग्लंडचे शास्त्रज्ञ हॅरल्ड ग्रे. १९५५ साली ग्रे आणि त्यांचे सहकारी टॉमलिन्सन यांनी फुप्फुसातल्या गाठींचे पातळ काप तपासले. रक्तवाहिन्यांजवळच्या पेशी जिवंत होत्या, पण दोन-तीन केसांच्या जाडीइतकं आत गेलं की मेलेल्या. या दोन्हींच्या मधल्या, अर्धपोटी तग धरून राहिलेल्या पेशीच रेडिएशनला दाद देत नाहीत.

फुप्फुसं धड असली तर साध्या हवेवरही रक्त ऑक्सिजनने जवळपास भरलेलं असतं. अडतं ते रक्त गाठीच्या आतपर्यंत पोचण्यात. नाकात नळी लावून तिथे फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो ठरल्या दिवशी शेक घेण्याने. दर वेळी बाहेरच्या पेशी मरतात आणि आतल्यांना हळूहळू ऑक्सिजन मिळू लागतो, म्हणजे पुढच्या शेकात त्या सापडतात. डोस थोडा थोडा विभागून देण्याचं हे एक मोठं कारण. एसटी चुकली, घरी लग्न आहे म्हणून खाडा करू नका; अगदीच नाइलाज असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही त्यांच्या कानावर घाला, गोळ्या मनाने सुरू करू नका. आणि बिडी-सिगारेट आजच बंद करा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, त्यामुळे गाठीपर्यंत तो आणखी कमी पोचतो. हे आम्ही प्रत्येक घरी हात जोडून सांगतो.

दम लागतो म्हणून डॉक्टरांनी ऑक्सिजन लिहून दिला असेल तर गोष्ट वेगळी. चिठ्ठी घेऊन या, मशीन त्याच दिवशी घरी लावून देऊ. मात्र त्या खोलीत समई, उदबत्ती, शेगडी काही पेटवू नका.