भामटा, तोतया आणि 318

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंना दिवाळीच्या आधी भरदुपारी दोघांनी अडवलं. "आजी, पोलीस आहोत. पुढे चेन खेचलीय, दागिने काढून पुडीत बांधा." पुडी त्यांनीच बांधून दिली. घरी येऊन सोडली तर आत चार खडे. दोन दिवसांनी बातमी आली, तिच्या मथळ्यात ते दोघे 'भामटे' होते, पहिल्या ओळीत 'तोतया पोलीस' आणि शेवटी 'ठकसेन'. बातमीदाराच्या लेखी तिन्ही एकच. प्रत्यक्षात तिघांचे इतिहास वेगळे आहेत.

'ठक' किंवा 'ठग' मुळात संस्कृत 'स्थग'मधून आला. त्यात लपवणं, झाकणं आहे. 1830च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने जबलपुराहून ठगांविरुद्ध मोहीम चालवली, 1836 साली कायदा झाला आणि शब्द इंग्रजीत गेला. तिथे त्याचा गुंड झाला. आपल्याकडे मात्र ठक अजूनही गोड बोलूनच लुटतो, हात उगारत नाही. 'ठकास महाठक' म्हणताना आपण अकलेचीच बरोबरी मोजतो. ठकसेन ही पुढची, पेपरवाल्यांची लाडकी पदवी.

'तोतया' शब्द मात्र एका माणसामुळे घरोघरी गेला. 1761 साली पानिपतात सदाशिवरावभाऊ पडले, पण पुण्यात सगळ्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई तर शेवटपर्यंत सधवेसारख्याच राहिल्या. या आशेवरच सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. कैदेत पडला, 1776 साली सुटला, कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले आणि हजारो माणसं त्याच्या बाजूला गेली. शेवटी आंग्र्यांनी त्याला धरलं आणि पुण्यात त्याला मारण्यात आलं. ती सगळी माणसं मूर्ख होती असं मला वाटत नाही. भाऊ परत यावेत असं त्यांना हवं होतं, आणि तोतया नेमकं तेच विकत होता. काकूंना त्या दुपारी पोलीस हवा होता. आदल्याच आठवड्यात गल्लीत एकीची चेन गेली होती.

'भामटा' लिहिताना माझा हात अडतो. ही एका समाजाची जात आहे. बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी 1853 साली धावली, आणि पुढे इंग्रज पोलिसांच्या टिपणांत प्रवाशांचं सामान लांबवणारे म्हणून भामट्यांचं नाव सारखं येऊ लागलं. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवायची सोय केली, नंतर मुंबई इलाखाही त्याखाली आला. हजेरी, परवाने, गाव सोडायची बंदी. 1952 साली कायदा गेला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत 'भामटा' आणि 'राजपूत भामटा' आजही आहेत. म्हणजे एखादा मुलगा जातीच्या दाखल्यावर जो शब्द घेऊन शाळेत जातो, तोच सकाळच्या पेपरात सोनसाखळी चोराला लावलेला असतो. 'चोर' लिहिल्याने बातमीचं काय बिघडतं?

खाडीपलीकडे नवी मुंबईत शब्द आणखी सौम्य. 1970 साली सिडको आली, गावांच्या जमिनी गेल्या, पुढे प्रकल्पग्रस्तांना गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळू लागले, आणि एकच भूखंड दोघातिघांना दाखवून बयाणा घेणारेही आले. अशा माणसाला तिथे ठक म्हणत नाहीत, 'एजंट' म्हणतात. फसल्यावर त्याने 'टोपी घातली' म्हणतात. ठाण्यात चुना लावतात, गंडा घालतात, शेंडी लावतात, नाहीतर मामा बनवतात. फसवणाऱ्यापेक्षा फसलेल्याचीच चेष्टा या वाक्प्रचारांत जास्त आहे, म्हणून तर लोक तक्रार करायला लाजतात.

ठाण्याच्या किल्ल्यात आता कारागृह आहे. 1815 साली इंग्रजांनी पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळ्यांना इथेच कोंडलं होतं. बाहेर एक मोतद्दार घोड्याची चाकरी करत मराठीत गाणी म्हणे, त्यातच निरोप असत. पहाऱ्यावरच्या गोऱ्यांना मराठी कळत नव्हतं, आणि डेंगळे हातावर तुरी देऊन गेले. हे ठकवणं असलं तरी त्यांना कोणी ठक म्हटलं नाही.

राहिलं 'चारसोबीस'. 1860च्या दंडसंहितेतलं 420वं कलम, 1862पासून लागू. आकड्याची शिवी व्हावी असं दुसरं कलम माझ्या तरी ऐकण्यात नाही. 1 जुलै 2024ला न्यायसंहिता आली आणि ते कलम 318(4) झालं; सोंग घेऊन ठकवण्याचं 319. काकूंच्या फिर्यादीवर हेच दोन्ही आकडे होते. त्यांनी कागद चष्म्याजवळ धरून दोनदा वाचला.

"चारसोबीस नाही लावलं?"

"आजी, आता ते 318 झालंय."

"म्हणजे शंभराने कमी केलं का हो मेल्यांना?"

"नाही आजी, शिक्षा तेवढीच. सात वर्षांपर्यंत."

काकूंना ते पटलेलं नाही.