दराच्या रकान्याला बाण का नाहीत?

ब्राउझरवर चालणारं आमचं बिलिंग सॉफ्टवेअर घेतल्यावर बहुतेक ग्राहक पहिल्याच महिन्यात विचारतात, नग आणि दराच्या रकान्यात आकडा वर-खाली करायचे छोटे बाण का नाहीत? द्यायला सोपे आहेत, तरी आम्ही ते मुद्दाम देत नाही.

हे बाण येतात ते रकाना ‘नंबर’ प्रकारचा केल्यावर. मग कर्सर तिथे असताना कीबोर्डचा खालचा बाण दाबला की आकडा घटतो. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये माऊसच्या चाकानेही तेच होऊ शकतं. ऑपरेटर दर टाकतो ४५०, एकूण रक्कम बघायला चाक फिरवतो, आणि पान सरकण्याऐवजी दर ४४८ होतो. काही सूचना येत नाही. फरक कळतो तो पार्टीचं खातं जुळवताना. तोवर जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरलेला असला तर कमी लावलेल्या रकमेची डेबिट नोट काढणं आलं, आणि त्याआधी एकेक बिल तपासणं. दुधाचा एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) ०४०१ अशा रकान्यात टाकून वरचा बाण लागला तर ४०२ होतो.

म्हणून कळकळीची विनंती: कुणा ओळखीच्याकडून आमचे रकाने परस्पर ‘नंबर’ करून घेऊ नका. आमच्याकडे येणाऱ्या ‘दर आपोआप बदलला’ या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. आम्ही साधा मजकुराचा रकाना ठेवतो. त्यात अंक आणि दशांश चिन्हच बसतं, मोबाईलवर अंकांचा कीपॅडच उघडतो. ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळांचं डिझाइन पाहणाऱ्या पथकानेही २०२० मध्ये ‘नंबर’ रकान्याऐवजी हीच पद्धत सुचवली.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेल्यांना एंटरने पुढे जायची सवय असते. वेबवरच्या फॉर्ममध्ये मात्र एंटरने अर्धवट बिलही सेव्ह होऊ शकतं. आमच्या बिलात एंटर आणि टॅब दोन्ही पुढच्या रकान्यात नेतात, शिफ्ट-टॅब मागे आणतं. सेव्ह होतं ते फक्त शेवटच्या बटणावर. लांब बिलात चालू ओळ खालच्या एकूण रकमेच्या पट्टीआड जात नाही, पान तेवढं आपोआप वर सरकतं.

दुसरीकडून करून घेतलेलं बिलिंग असेल तर दराच्या रकान्यात कर्सर ठेवून वरचा बाण दाबून बघा. आकडा बदलला तर आम्हाला कळवा. संपूर्ण सॉफ्टवेअर न बदलता तेवढे रकाने आम्ही दुरुस्त करून देतो.