नौदलाच्या प्रोपेलर युगातील रात्रीच्या लढाऊ विमानांची मॉडेल किट

विमानवाहू जहाजांवरून किंवा नौदलाच्या किनारी तळांवरून रात्री शत्रूची विमाने गाठणाऱ्या, पिस्टन इंजिनाच्या लढाऊ विमानांच्या प्लास्टिक प्रतिकृतींचे सुटे संच. दुसरे महायुद्ध आणि कोरियन युद्ध हा त्यांचा मुख्य काळ. १/७२ आणि १/४८ ही नेहमीची प्रमाणे. १/७२ मध्ये हेलकॅट या अमेरिकी लढाऊ विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम १८ सें.मी. भरतात, म्हणजे पुरे विमान तळहातावर मावते.

यातली बहुतेक विमाने मुळात दिवसाची. रात्रीच्या कामासाठी त्यांना रडार बसवले गेले, आणि त्या रडारची फुगीर कुपी हीच प्रतिकृतीची ओळख ठरते. ग्रुमन एफ६एफ-५एन हेलकॅटच्या उजव्या पंखावर ती असते. १/७२ मध्ये साधारण वाटाण्याएवढी. दोन अर्धे भाग चिकटवल्यावर मधली शिवण घासून पूर्ण नाहीशी करावी लागते, आणि कुपी पंखाला मिळते तिथली फट पुट्टीने भरून तिथला वळसा गोलसर ठेवावा लागतो. घाईत घासली तर कुपी एका बाजूने चपटी होते आणि समोरून पाहताच चूक दिसते. आतले कॉकपिट कितीही सुबक असले तरी नजर आधी या कुपीवरच जाते, म्हणून वेळ द्यायचा तो इथे.

व्हॉट एफ४यू-२ कोर्सेअर हे या प्रकारातले सर्वांत लोभस रूपांतर. साध्या एफ४यू-१ मध्ये रडार बसवताना उजव्या पंखातली सर्वांत बाहेरची मशिनगन काढावी लागली. डावीकडे तीन, उजवीकडे दोन अशा पाचच उरल्या. दिवसाच्या कोर्सेअरच्या किटपासून हे विमान घडवताना कुपी लावायचे सगळ्यांच्या लक्षात असते, पण ते सहावे भोक बुजवायचे राहून जाते. नंतरच्या एफ४यू-५एनमध्ये चार २० मि.मी. तोफा होत्या. हासेगावा या जपानी किट कंपनीने हे विमान १/७२ आणि १/४८ अशा दोन्ही प्रमाणांत दिले आहे. याच प्रकारच्या विमानातून लेफ्टनंट गाय बोर्डेलॉन यांनी १९५३ मध्ये कोरियात पाच विमाने पाडली. त्या युद्धातले अमेरिकी नौदलाचे ते एकमेव ‘एस’, म्हणजे पाच किंवा अधिक विमाने पाडणारे वैमानिक. साहजिकच त्यांच्या विमानाचे डेकल, म्हणजे प्रतिकृतीवर चिकटवायची चिन्हे आणि आकडे, हौशी मंडळींना फार प्रिय.

जपानी नौदलाची वाट निराळी. नाकाजिमा जे१एन१-एस गेक्को, म्हणजे ‘चांदणे’, हे दोन इंजिनांचे विमान. बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखालून जात वर मारा करता यावा म्हणून त्याच्या पाठीत २० मि.मी. तोफा तिरप्या बसवल्या होत्या. ही कल्पना यासुना कोझोनो या अधिकाऱ्याची. मे १९४३ मध्ये पॅसिफिकमधल्या राबौल या जपानी तळावर तिने अमेरिकी बी-१७ बॉम्बफेकी विमाने पाडून दाखवली. तामिया कंपनीचे १/४८ मधील गेक्को जोडायला अतिशय सुखद आहे. छोट्या प्रमाणात मात्र या तोफांच्या नळ्या प्लास्टिकच्या जाड काड्यांसारख्या दिसतात. त्या कापून बारीक पितळी नळी लावावी, आणि बाजूने पाहून सगळ्या नळ्या एकाच कोनात आहेत ना याची खात्री करूनच गोंद वाळू द्यावा.

रंग हा या विषयाचा खरा कस. ‘रात्रीचे विमान म्हणजे काळे’ हा समज पुष्कळदा चुकतो: उत्तरकाळातले हेलकॅट चकचकीत गडद निळे होते, एफ४यू-२ वर दिवसाचीच निळी-पांढरी रंगसंगती होती, आणि गेक्को गर्द हिरवे. कोरियातली टायगरकॅट ही दोन इंजिनांची ग्रुमन विमाने मात्र खरोखर मॅट काळी. तिथेही डबीतला शुद्ध काळा जसाच्या तसा मारू नये. इतक्या छोट्या आकारावर तो सगळे बारकावे गिळतो आणि पॅनेलच्या रेषा दिसेनाशा होतात. काळ्यात थोडा करडा मिसळला की विमानाला घडण येते. मॅट पृष्ठभागावर थेट डेकल लावले तर खाली हवा अडकून चंदेरी झाक येते, म्हणून आधी ग्लॉस वार्निश, मग डेकल, आणि शेवटी मॅटचा हात.

ब्रिटिश विमानांची किट त्या मानाने कमी. फेअरी फायरफ्लायच्या पहिल्या प्रयत्नात दोन्ही पंखांवर रडार आले आणि तोल सांभाळायला नाक सुमारे ४५ सें.मी. लांबवावे लागले, पुढे एकच कुपी नाकाखाली लावून प्रश्न सुटला. सी हॉर्नेट एनएफ.२१ चे नाक अंगुस्तानासारखे, आणि वैमानिकाचा सहकारी पंखांच्या मागे वेगळ्या छोट्या कॅनॉपीखाली, म्हणजे पारदर्शक झाकणाखाली. ट्रम्पेटर कंपनीने ते १/४८ मध्ये काढले आहे.

ग्रुमन एफ७एफ-३एन टायगरकॅट नाकाच्या चाकावर उभे राहते. १/४८ मध्ये त्याचे किट एएमटी कंपनीचे. धडाचे दोन भाग बंद करण्यापूर्वी नाकात शिशाचे वजन भरायला विसरले, तर रंगवून पूर्ण झालेले विमान शेपटीवर बसते, आणि मग ते वजन आत घालायला जागा उरलेली नसते.